आकृती सत्तेचाळीस

गुलाबी कागद खाली पडला नव्हता. पुस्तकाच्या पानाला तो एका कडेनं घट्ट चिकटवलेला होता. तरी आपल्या हातून काहीतरी निसटून पडलं असं मिस्त्रीला वाटलं आणि तो वाकून पायाशी बघत राहिला. पायाशी काही नव्हतं. सिमेंटची फरशी होती आणि जुन्या मासिकांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते. मागे पुस्तकवाला स्टुलावर बसून एका फाटक्या पुठ्ठ्याला खळ लावत होता. त्यानं मान वर न करताच विचारलं, "काय हरवलं, मिस्त्री?" मिस्त्री म्हणाला, "काही नाही." सरळ होताना त्याची कंबर कडकन वाजली. आठ वर्षांपूर्वी मोडलेलं हाड थंडीच्या दिवसांत अजून बोलायचं. त्यानं फळीला हात टेकला आणि पुन्हा त्या पानाकडे पाहिलं. चार बोटं रुंद कागद, फिका गुलाबी, कडा पिवळट पडलेल्या. रंग त्याला आधी ओळखू आला. अक्षरं त्यानं अजून वाचलीच नव्हती.

खरं तर तो आला होता पुस्तकं निवडायला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी निवृत्त झाल्यावर एक जुनी गाडी विकत घेतली होती. गोल दिव्यांची, लांब नाकाची, आता रस्त्यावर न दिसणारी. बाईंचा स्वभाव काटेकोर. "मिस्त्री, आधी पुस्तकं. पुस्तकं आल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. मी कधी न बघता कुणाच्या डोळ्यात सुई घातली नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. या दुकानात त्या गाडीची पुस्तकं आहेत असं कळल्यावर त्यांनी त्यालाच पाठवलं. कुठलं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा, म्हणाल्या. मिस्त्रीला त्या शब्दांनी आतून गुदगुल्या झाल्या होत्या. एकाहत्तराव्या वर्षी कुणी त्याला पुस्तक निवडायला पाठवत होतं, आणि त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत त्याला स्वतःचं नाव उमटवायला अंगठा लागत होता.

निवडायचं कसं, हे मात्र त्याला वाचता येत नव्हतं तेव्हापासून येत होतं. पहिली गोष्ट, जाड पुस्तकाला भुलायचं नाही. बाहेरचा कुणी छापतो, एकाच पुस्तकात दहा गाड्या कोंबतो, आणि नेमका आपला भाग आला की 'इतर गाड्यांप्रमाणे' म्हणून हात झटकतो. कंपनीचं स्वतःचं दुरुस्तीचं पुस्तक ते खरं. त्याच्या जोडीला सुट्या भागांचं पुस्तक हवंच, कारण त्यात वॉशर आधी की स्प्रिंग आधी हे ओळीनं काढलेलं असतं. वायरिंगचा तक्ता वेगळा, घड्या न फाटलेला बघून घ्यायचा. मालकाला गाडीबरोबर मिळणारी छोटी पुस्तिका दिसायला गोड, पण टायरमधली हवा आणि काच पुसायचं फडकं यापलीकडे तिला काही ठाऊक नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तक मळलेलं हवं. कोऱ्या पुस्तकाच्या मालकानं बॉनेट कधी उघडलेलं नसतं. बंद पुस्तक कडेनं बघायचं, पानांच्या जिथे काळ्या पट्ट्या दिसतील तिथे ती गाडी रडते असं समजायचं. आज फळीवर दुरुस्तीच्या पुस्तकाच्या दोन प्रती शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक स्वच्छ, वरवर नवीच. दुसरीच्या कडेला मध्यावर जाड काळी पट्टी. मिस्त्रीनं साहजिकच दुसरी उचलली आणि त्या काळ्या जागी उघडली. डाव्या पानावर पुढच्या चाकाच्या ब्रेकची आकृती होती आणि उजव्या पानावर हा गुलाबी कागद.

वाचायला त्याला शिकवलं एका प्रूफवाल्यानं. कंबर मोडून तो सहा आठवडे दवाखान्यात पडला होता. शेजारच्या खाटेवर छापखान्यात चुका शोधण्यात आयुष्य घालवलेला म्हातारा होता, पित्ताच्या दुखण्यानं पिवळा पडलेला. वेळ जात नाही म्हणून त्यानं वर्तमानपत्रावर मिस्त्रीला अक्षरं लावायला शिकवली. म्हणायचा, "सगळं वाचायचं. पानाचा आकडाही वाचायचा. लोक मोठं मोठं वाचतात आणि बारीक सोडतात. मेख बारकात असते." तो म्हातारा दवाखान्यातून घरी गेला नाही. पण त्याची खोड मिस्त्रीला लागली. औषधाच्या खोक्यातली कांद्याच्या सालीसारखी पातळ घडी, तिकिटाची मागची बाजू, गटाराच्या झाकणावरची अक्षरं, काही म्हणून तो सोडत नसे. बायको जिवंत असताना वैतागायची, "अहो, साबणाचा कागद कसला वाचताय, अंघोळीला जा." म्हणून त्यानं त्या गुलाबी कागदाखाली बोट धरलं आणि ओठ हलवत, अक्षर अक्षर करत वाचलं. शुद्धिपत्र. आकृती ४७ उलटी छापली गेली आहे. क्लिप पट्टीच्या आतल्या अंगाला बसवावी. बाहेरून बसवल्यास होज पाइप चाकाला घासून फुटण्याचा संभव आहे.

चार ओळी. त्यानं त्या दोनदा वाचल्या आणि मग डावीकडची आकृती पाहिली. ती पाहायची गरज नव्हती. डोळे मिटूनही त्याला ती काढता आली असती. ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी, ती जिथे गाडीच्या अंगाला धरलेली असते ती लोखंडी पट्टी, आणि नळीला जागेवर ठेवणारी चिमट्यासारखी क्लिप. आकृतीत क्लिप बाहेरच्या अंगाला होती. एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यानं तिथेच बसवली होती.

तेव्हा तो तिशीचा होता आणि गॅरेजमध्ये त्याला सगळे 'फोटोमास्तर' म्हणायचे. वस्ताद दोन इयत्ता शिकलेला, त्याला मजकूर लागायचा. याला मजकूर लागत नव्हता, पण आकृती एकदा पाहिली की डोक्यात खिळ्यानं ठोकल्यासारखी बसायची. इतरांची पुस्तकं वाचून होईपर्यंत याचं काम होऊन हात धुऊन झालेले असायचे. याचा त्याला ताठा होता. दादा, त्याचा थोरला सख्खा भाऊ, एका कापड गिरणीच्या मालकाकडे ड्रायव्हर होता आणि अशीच गोल दिव्यांची गाडी चालवायचा. गाडीचं ब्रेकचं काम निघालं तेव्हा दादाच म्हणाला, "माझ्या गाडीला माझ्या भावाशिवाय कुणी हात लावायचा नाही." वस्ताद गावाला गेलेला. गाडीबरोबर मालकानं पुस्तक पाठवलं होतं, नवं, आणि त्यात हा कागद होता. चिकटवलेला नव्हता, सुटा होता. उघडताना मांडीवर पडला. मिस्त्रीनं उलटसुलट करून पाहिला, त्यावर चित्र नव्हतं. चित्र नाही म्हणजे जाहिरात असणार. कागद मात्र छान कडक होता. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मोजायची पातळ पट्टी त्याची त्याच आठवड्यात हरवली होती. त्यानं कागदाची दोन पदरी घडी घातली, पॉइंटमध्ये सरकवून बघितली. बरोब्बर बसली. वर्षभर ती गुलाबी घडी त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात होती. तिनं त्यानं किती गाड्यांचे पॉइंट लावले असतील याची गणती नाही.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. त्या दिवशी क्लिप बसवल्यावर त्यानं सवयीनं चाक पूर्ण वळवलं आणि नळी व टायर यांच्यामध्ये बोट घातलं. बोट गेलं, पण अंग चोरून गेलं. हात म्हणाला, जागा कमी आहे. त्यानं पुस्तकाकडे पाहिलं, आकृतीकडे पाहिलं. क्लिप बाहेरच होती. त्याला स्वतःचं हसू आलं. छापणारे काय वेडे, आणि तू अंगठेबहाद्दर मोठा शहाणा लागून गेलास? ज्याला वाचता येतं तो पुस्तकाशी भांडू शकतो. ज्याला येत नाही त्याला पुस्तक म्हणजे देव. त्यानं चाक सरळ केलं आणि दादाला हाक मारली, "ने रे, झाली तुझी राणी."

पाच महिन्यांनी, सकाळी साडेनऊला, दवाखान्याच्या उतारावर ती गाडी थांबली नाही. खाली वळणावर एक इस्त्रीवाला कपड्यांची हातगाडी ढकलत रस्ता ओलांडत होता. तो जागच्या जागी गेला. पांढरे शर्ट रस्ताभर पसरले होते असं लोक पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले. गाडी भिंतीला धडकून पुढून चेपली, चाकं आत गेली, नळ्या सगळ्याच फाटल्या होत्या. दादा पहिल्यांदा एकच सांगत होता, "मी ब्रेक दाबला. पायाखाली काही नव्हतं." पण चौकशीवाल्यांनी रस्ता तपासला तर टायर घासल्याची एक काळी रेघ नाही. ब्रेक दाबला असता तर रेघ उमटली असती. रेघ नाही, म्हणजे दाबला नाही. दाबला नाही, म्हणजे डोळा लागला होता. आदल्या रात्री दादा मालकाच्या पाहुण्यांना सोडायला उशिरापर्यंत गाडी चालवत होता, तेही निघालं. मिस्त्रीला बोलावलं होतं. तो पुस्तक काखेत मारून गेला. साहेबानं विचारलं, काम कसं केलंस? त्यानं पुस्तक टेबलावर उघडलं, आकृतीवर बोट ठेवलं आणि ताठ मानेनं म्हणाला, "यात आहे तसं, साहेब. एक सूत इकडचं तिकडं नाही." साहेबानं आकृती पाहिली, मान डोलावली, लिहून घेतलं. दादा बाकावर बसला होता. त्यानं भावाकडे पाहून मान हलवली, शाबास म्हणावं तशी. पुढे वकिलानं त्याला समजावलं, झोप लागली म्हण, शिक्षा कमी होईल. तो तसं म्हणाला. दोन वर्षं आत राहिला. बाहेर आल्यावर त्याला कुणी गाडी दिली नाही, एका गोदामावर त्यानं पहारेकरी म्हणून जन्म काढला. मुलगा चार वर्षांचा होता तो बापाला भेटायला जाळीपर्यंत जायचा. शाळेत पोरं त्याला 'झोपाळ्या' म्हणायची. वहिनी तर त्याच काळजीत गेली. आणि दादा? पहिली काही वर्षं तो मधूनच म्हणायचा, "पण मी दाबला होता रे." मग म्हणायचा, "बहुतेक दाबला होता." मग म्हणेनासा झाला.

"घ्यायचंय की नुसतं बघायचंय?" पुस्तकवाला खळीचे हात पुशीत जवळ आला होता. "दोन प्रती आहेत. ती बाजूची घ्या, कोरी करकरीत आहे. ही कुणीतरी लोणी लावून खाल्लेली दिसते."

मिस्त्रीनं कोरी प्रत हातात घेतली. सत्तेचाळिसावी आकृती काढली. समोर गुलाबी कागद नव्हता, कुणीतरी कधीच काढून टाकला होता, खळीचा एक पुसट डाग तेवढा राहिला होता. या पुस्तकात सगळं जसं होतं तसंच होतं. ही प्रत न्यायची, क्लिप आतून बसवायची, बाईंची गाडी ठणठणीत चालेल, आणि ती दुसरी प्रत इथेच फळीवर धूळ खात पडेल. कोण येतंय असल्या गाडीची पुस्तकं शोधत? दादा सत्त्याहत्तर वर्षांचा झाला होता. झाकली मूठ होती. कोरी प्रत किती हलकी आहे असं मिस्त्रीला वाटलं, आणि मग लक्षात आलं की दोन्ही प्रतींचं वजन एकच आहे.

"मळकीच द्या," तो म्हणाला.

"हौस आहे बुवा एकेकाला," पुस्तकवाला म्हणाला आणि कागदात गुंडाळायला घेऊन गेला.

बाईंनी पुस्तकं जेवणाच्या टेबलावर मांडली, चष्मा बदलला आणि एकेक पान उलटलं. मिस्त्री उभाच होता. त्या "बसा ना" म्हणाल्या तरी तो उभा राहिला. गुलाबी कागदापाशी त्या थांबल्या. "हे काय?"

"चित्र चुकलं होतं. त्याची दुरुस्ती आहे."

त्यांनी वाचलं. डोळे एकदा इकडून तिकडे गेले, झालं. "बाई गं. बरं झालं तुम्ही हीच प्रत आणलीत. हा कागद नसता तर एखाद्याचा जीव गेला असता."

टेबलावर काचेचं पाण्याचं भांडं होतं. मिस्त्री त्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. कुठूनतरी कपडे वाळल्याचा, गरम इस्त्रीचा वास आल्यासारखा झाला. बाईंच्या घरात त्या वेळी कुणी इस्त्री करत नव्हतं. तो म्हणाला, "हे पुस्तक मला एक दिवस द्याल? उद्या आणून देतो." त्यांनी त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, डॉक्टर बघतात तसं, आणि काही न विचारता पुस्तक त्याच्या हातात दिलं.

दादा मुलाकडे राहायचा, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या खोलीत. दुपारचे तीन वाजले होते. तो पलंगावर मांडी घालून सुपात लसूण सोलत बसला होता. सूनबाईनं दार उघडलं, "या काका," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

"काय रे छोट्या, रस्ता चुकलास?" दादा म्हणाला. "आणि बगलेत काय? पुस्तक? कॉलेजात नाव घातलंस का?"

"घातलं," मिस्त्री म्हणाला. त्याला हसता आलं नाही.

"मग फी माझ्याकडे मागू नकोस. बस. हे घे, चार पाकळ्या सोल. फुकट चहा नाही मिळायचा."

मिस्त्रीनं दोन पाकळ्या सोलल्या. साल नखाला चिकटली. इथे येताना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्यानं एकेक वाक्य जुळवलं होतं, त्यातलं एकही आता जागेवर नव्हतं. त्यानं पुस्तक उघडून मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "दादा, तुला एक वाचून दाखवायचंय." आणि बोट ठेवून वाचू लागला. 'शुद्धिपत्र'पाशी अडखळला, 'संभव'पाशी पुन्हा अडखळला. दादा पहिल्या ओळीला लसूण सोलतच होता. तिसऱ्या ओळीला त्याचे हात थांबले.

"ही ती गाडी?"

"तीच."

"पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. दादाच्या चेहऱ्याकडे बघायची त्याची छाती होईना. आता शिवी येईल, सूप अंगावर येईल, काही तरी येईल, याची तो वाट बघत होता. यावं असं त्याला वाटत होतं. तो म्हणाला, "दादा, मी बाहेरून बसवली होती. चूक माझी..."

"गप रे. तुझं नंतर." दादाचा आवाज कोरडा, घाईचा होता. "आधी मला सांग. नळी फुटते ती हळूहळू फुटते की एकदम?"

"घासते हळूहळू. फुटते एकदम. जोरात दाबलं की."

"आणि मग पाय?"

"थेट खाली जातो. तेल सगळं बाहेर. चारही चाकांचा ब्रेक जातो एका क्षणात."

"रेघ उमटत नाही."

"नाही उमटत. चाकं फिरतच राहतात."

दादानं सूप बाजूला ठेवलं. लसणाच्या साली उडून चादरीवर पसरल्या. तो खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे डोळे बाहेर नव्हते. "बुटाचं टोक पत्र्याला लागलं होतं," तो हळू म्हणाला. "टक्‌ असं वाजलं होतं. मला वाटायचं, हे मी मागून रचलं. माणूस रचतो ना, स्वतःला सोडवायला. म्हणून मी ते सांगणं सोडलं." तो थांबला. "म्हणजे मी दाबला होता."

"दाबला होतास."

"दाबला होता मी," दादा म्हणाला, आणि त्यानं दोन्ही तळहात गुडघ्यांवर असे ठेवले, जणू गुडघे कुणीतरी इतक्या वर्षांनी परत आणून दिले होते. मिस्त्रीला हायसं वाटायला हवं होतं. त्याला फक्त थंडी वाजत होती. दादाच्या त्या सुखात त्याला जागा नव्हती. तिथे दादा आणि त्याचा उजवा पाय एवढेच दोघं होते. मग दादानं हाक मारली, "सूनबाई! हा येतो किती वाजता?"

"साडेपाचला, बाबा. का?"

"काही नाही. काका जेवून जातील." आणि मिस्त्रीकडे वळून म्हणाला, "तो येईपर्यंत हलायचं नाही. त्याच्यासमोर वाचायचं."

अडीच तास दोघे भाऊ त्या खोलीत बसले. दादानं उरलेला लसूण सोलला. मध्ये एकदा तो गालात हसला, मध्ये एकदा त्यानं डोळे पुसले आणि लसणाला शिवी दिली. मिस्त्री पुस्तक मांडीवर धरून बसला होता. खिडकीतलं ऊन फरशीवरून पलंगाच्या पायावर चढलं, मग भिंतीवर गेलं. त्यानं दादाला क्लिपचं सांगितलं होतं. बोट अंग चोरून गेलं ते सांगितलं नव्हतं. त्या गुलाबी घडीचं सांगितलं नव्हतं. दादानं विचारलंच नव्हतं. कागद त्या पुस्तकात नव्हताच असं दादानं धरलं असणार. आणि तसंच धरून राहिला तर कुणाचं काय बिघडणार होतं? चुकीचं पुस्तक, छापणाऱ्यांची चूक, अडाणी माणूस काय करणार. सगळे असंच म्हणतील. हळहळतील सुद्धा. बाईंच्या टेबलावर जे पाणी स्तब्ध होतं तसं सगळं स्तब्ध होईल. या विचारानं त्याला क्षणभर खरंच बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला शिसारी आली.

पुतण्या आला तो बुटांसकट खोलीत आला. पंचेचाळिशीचा, कपाळावर केस विरळ झालेला, विजेच्या ऑफिसातला कारकून. काकांना भर संध्याकाळी घरी बघून त्याला वाटलं कुणी तरी गेलं. "काय झालं?"

"बस," दादा म्हणाला. "छोट्या, वाच."

सूनबाई दाराशी येऊन उभी राहिली. मिस्त्रीनं चष्मा सारखा केला, पानावर बोट ठेवलं आणि पहिला शब्द फोडला. दुसऱ्या ओळीवर तो अडला आणि अडूनच राहिला. तेव्हा पुतण्यानं त्याच्या मांडीवरून पुस्तक उचललं आणि स्वतः वाचलं. एक श्वाससुद्धा लागला नाही त्याला. मग त्यानं आकृती पाहिली, पुन्हा कागद पाहिला, पुस्तकावरची गाडी पाहिली. बापाकडे पाहिलं. दादा त्याच्याकडे लहान पोरासारखा बघत होता. पास झालो म्हणून सांगायला आलेला पोर बघतो तसा.

"मी दाबला होता रे," दादा म्हणाला.

पुतण्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला. मग तो मिस्त्रीकडे वळला. कारकून होता, कागदांमध्ये त्याचा जन्म गेला होता. विचारायचं ते त्यानं अचूक विचारलं.

"काका, हा कागद तेव्हाच्या पुस्तकात होता?"

खालून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. सूनबाईनं पदर तोंडाला लावला होता. नव्हता म्हणायला एक अक्षर जास्त लागलं असतं, एवढाच फरक होता.

"होता," मिस्त्री म्हणाला. "माझ्या हातात होता. मला वाचता येत नव्हतं. पण बोट घातलं तेव्हा मला कळलं होतं, जागा कमी आहे."

पुतण्यानं पुस्तक मिटलं नाही, तसंच उघडं पलंगावर ठेवलं. तो बुटाच्या नाड्या सोडायला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला, गाठ त्याला सुटेना. मिस्त्री उठायला गेला. उठताना कंबरेत कळ आली आणि त्यानं पलंगाचा दांडा धरला. "निघतो मी," तो म्हणाला.

दादानं त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड अजून लोखंडी होती. त्याच्या चेहऱ्यावरचं मघाचं सगळं सुख गेलं होतं, आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते मिस्त्रीनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"कुठं निघालास? बस," दादा म्हणाला. "पहिल्यापासून सांग. सगळं सांग. मी जागा आहे."